सहा मिनिटं चाळीस सेकंद

३ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, अशी निम्मी शक्यता मी धरली आहे. वाचते आहेस म्हणजे उरलेली निम्मी खरी ठरली. माझ्या लग्नाला तू चार ओळी पाठवल्या होत्यास, त्यानंतर आपल्यात काही गेलं-आलं नाही. त्याला अठरा वर्षं झाली. म्हणून आधीच सांगतो, घरचं काही नाही, कामाचं पत्र आहे. C भाषेतल्या एका प्रोग्रामबद्दल.

मी अजून त्याच रुग्णालयात आहे. संगणक विभागाचा प्रमुख म्हणतात मला. हाताखाली चौघं आहेत आणि चौघांनाही माझ्यापेक्षा जास्त येतं. गेल्या महिन्यात तळघरातली जुनी रेकॉर्डची खोली रिकामी करायचा हुकूम निघाला. तिथल्या कपाटात एक जुनी डिस्क सापडली. तिच्यावर आपल्या फोनच्या फाइली आहेत, बाराच्या बारा.

तू इथून गेल्यावर आपण दोघांनी मिळून फोन बनवला होता, तो विसरली नसशील. तू तिकडे प्रयोगशाळेत, मी इकडे त्या रेकॉर्डच्या खोलीत, मधे रुग्णालयाची लाइन. माइकमधला आवाज कापायचा, वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका पॅकेटात घालून समोरच्याच्या पत्त्यावर सोडून द्यायचा. सेकंदाला पन्नास पॅकेटं. आवाज फार तुटायचा. तेव्हा तू म्हणालीस, जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट तुझ्या बाजूला फाइलमध्ये साठवून ठेव, मी माझ्या बाजूला ठेवते, मग ताळा करू. किती निघाली, किती पोचली. त्या फाइली वाचायला तू एक प्रोग्राम लिहिलास. तो 'वाचक'ही डिस्कवर आहे.

मी तो नव्या यंत्रावर कंपाइल केला. एकही तक्रार न करता झाला. फाइलच्या सुरुवातीचे चोवीस बाइट नीट वाचतो, ओळखीचा आकडा बरोबर सांगतो. पण पहिल्याच पॅकेटापाशी म्हणतो की ह्याची लांबी अब्जाहून जास्त बाइट आहे, आणि मरतो. विभागातली पोरं म्हणतात, "सर, कशाला डोकं फोडताय? तयार साधनं आहेत, उघडून देतो." पण मला ते तुझ्या प्रोग्रामनेच वाचायचं आहे.

चूक कुठे असेल? दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

तुझा धाकटा


२६ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी रोज घरी आल्यावर खाली पेटी उघडून बघत होतो.

चूक सापडली. खरं सांगायचं तर मागचं पत्र टाकायच्या आधीच सापडली होती. मला लिहायला निमित्त हवं होतं.

प्रत्येक पॅकेटाच्या आधी फाइलमध्ये सोळा बाइट असतात. चार बाइट सेकंद, चार बाइट सेकंदाचे अंश, चार बाइट किती साठवलं आणि चार बाइट मुळात किती होतं. तू सरळ यंत्राकडचाच वेळेचा साचा वापरला होतास आणि त्याच्या मापाने fread ने फाइल वाचली होतीस. तेव्हा ते माप सोळा होतं. आता यंत्रं मोठी झाली, वेळेचे दोन्ही आकडे आठ-आठ बाइटांचे झाले आणि साचा झाला चोवीसचा. त्यामुळे तो दरवेळी आठ बाइट जास्त गिळतो, पॅकेटाच्या पोटातले. तिथून पुढे सगळंच सरकतं. मी साचा काढून टाकला, चार-चार बाइटांचे चार आकडे स्वतः मांडले. लगेच वाचायला लागला. तुझी चूक म्हणणार नाही मी. तू लिहिलंस तेव्हा ते बरोबरच होतं.

तो कोड वाचताना दोन दिवस मी वेगळ्याच जगात होतो. तुझ्या कंसांची ती पद्धत, बंद होणाऱ्या कंसासमोर 'इथे संपलं' असं लिहायची. मला C शिकवायला लागलीस तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, आणि पॉइंटरशी अडलो होतो. तू मला हाताला धरून जिन्याखाली नेलंस, जिथे आपल्या इमारतीच्या सगळ्या पत्रपेट्या होत्या. म्हणालीस, "पेटीवरचा नंबर वेगळा आणि पेटीत काय आहे ते वेगळं. एवढं डोक्यात बसलं की झालं." मग पेटी क्रमांक सहामध्ये तू एक चिठ्ठी टाकलीस, तिच्यावर 'नऊ' लिहिलेलं. नवात चिठ्ठी होती, 'दोन'. दोनमध्ये होती एक पेपरमिंटची गोळी. दोन नंबरवाल्या काकूंनी आपल्याला पकडलं आणि तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "काकू, याचा अभ्यास घेतेय." त्या नंतर कितीतरी दिवस आईला विचारायच्या, तुमच्याकडे हा कसला अभ्यास चालतो म्हणून.

बारापैकी अकरा फाइली कुचकामी आहेत, ते तुला ठाऊकच आहे. मी पॅकेटं साठवताना लांबी वाढवायची विसरलो होतो, त्यामुळे प्रत्येकाचे पहिले अडुसष्ट बाइटच राहिले. सोळा बाइटांच्या त्या पट्टीवर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसतात, मूळ दोनशे सहा, साठवले अडुसष्ट. पत्त्यांचा भाग वजा केला की आवाजाचे उरतात बावीस बाइट, एकशेसाठातले. ते मी जोडून ऐकले. कोणीतरी डाळीच्या डब्यात बोट फिरवतंय असा आवाज येतो. तेव्हा तू मला लिहिलं होतंस, "तू पाकिटांवरचे पत्ते जमवतोयस आणि आतली पत्रं फेकून देतोयस." त्या वाक्यावर मी आठवडाभर रुसलो होतो.

बारावी फाइल पूर्ण आहे. तोवर मी शहाणा झालो होतो.

धाकटा


१४ एप्रिल

ताई,

बाराव्या फाइलबद्दल लिहितो. बसून वाच.

तो सुट्टीचा दिवस होता, दुपारचे तीन. बाबांना मी तळघरात घेऊन आलो होतो. तू गेल्यापासून दीड वर्षात ते तुझ्याबद्दल माझ्याशी अवाक्षर बोलले नव्हते. फोनला तर ते हातही लावत नसत, तुला माहीतच आहे. समोर माणूस असला तर अडखळत का होईना बोलायचे, पण फोनवर पहिलं अक्षरच फुटायचं नाही आणि पलीकडचा 'हॅलो हॅलो' करून ठेवून द्यायचा. छापखान्यातही काही सांगायचं असलं तर मुद्रिताच्या समासात लिहायचे.

त्या आठवड्यात ते आपणहून म्हणाले, "तुझ्या त्या यं... यंत्रावर मला मोठीशी बोलायचंय."

मी म्हटलं, "बाबा, पत्र लिहा ना. तुम्हाला लिहायला काय अवघड?"

"म्हणूनच नाही लिहायचं," ते म्हणाले. "लिहिणं मला सो... सोपं आहे. सोप्यात काय भागणार."

नेमकी त्याच आठवड्यात तुझी जागा बदलली होती. बाबा बोलणार आहेत हे मी कळवल्यावर नव्या खोलीतल्या यंत्राचा नवा पत्ता तू मेलने पाठवलास. शेवटचा आकडा एकशे एकोणपन्नास. मी टाकला एकशे चौऱ्याण्णव. मुद्रितं तपासणाऱ्याचा मुलगा, आणि चार-नऊची अदलाबदल मला दिसली नाही.

तुझी पॅकेटं माझ्या पत्त्यावर येत होती, माझा पत्ता तसाच होता. म्हणून तुझा आवाज इकडे स्वच्छ आला. तू म्हणालीस, "हॅलो? कोणी आहे का?" मला वाटलं, सुरुवातीला सगळेच म्हणतात तसं. मी माइकमध्ये "हो, देतो बाबांना" म्हणून हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. ते हळूच म्हणाले, "तू बाहेर जा." मी गेलो. क्ष-किरण विभागाबाहेरच्या बाकावर बसलो.

आमच्याकडून निघालेलं एकही पॅकेट तुझ्यापर्यंत पोचलं नाही. सगळी त्या एकशे चौऱ्याण्णवला गेली. ते कुणाचं यंत्र होतं कोण जाणे, पण चालू होतं. ते दर सेकंदाला एक उलटं पॅकेट पाठवत होतं, की या दारावर घ्यायला कोणी नाही. ती सगळी फाइलमध्ये आहेत. चारशे आहेत.

आता दोन्ही बाजू मी वेळेप्रमाणे लावून ऐकल्या आहेत. मधले अडखळे सोडून उतरवतो.

बाबा म्हणतात, "मोठे, मी बोलतोय." यालाच चाळीस सेकंद गेले आहेत.

तू म्हणतेस, "बाबा? तुम्ही आहात का? मी आहे इथे. सावकाश बोला."

तुला सवय होती ना. घरात तूच एकटी अशी होतीस, जी त्यांचं वाक्य स्वतः पुरं करायची नाही. आई करायची, मी करायचो. तू थांबायचीस.

"तुझं ते पहिलं नेमणुकीचं पत्र. टपालात हरवलं नव्हतं. मी ठेवलं होतं. खणात. दोन महिने. तारीख उलटेपर्यंत."

मग तुझा श्वास ऐकू येतो.

"आई नुकतीच गेली होती. वाटलं, एकटा पडेन. म्हणून केलं. तुला ते पत्र सापडलं, ते मला कळलं होतं. खण उघडा होता. मी विचारलं नाही. तूही बोलली नाहीस."

तू म्हणतेस, "बाबा, बोला ना काहीतरी." त्यांना वाटलं असणार, तू धीर देते आहेस. कारण ते "हो, हो" म्हणतात.

"चुकलं माझं. पुन्हा दुसरीकडून बोलावणं आलं आणि तू गेलीस, ते बरं केलंस. मी स्टेशनवर यायला हवं होतं."

आणि शेवटी, सहा मिनिटं चौतिसाव्या सेकंदाला, एका दमात, न अडखळता, "एकदा येशील ना भेटायला?"

दीड सेकंदाने तुझा आवाज येतो. "राहू दे, बाबा. आता नको." आणि तुझ्याकडची पॅकेटं थांबतात.

तू शांततेला बोललीस. त्यांनी उत्तर ऐकलं.

मी आत गेलो तेव्हा ते रुमालाने हेडफोनच्या गाद्या पुसत होते. म्हणाले, "बोललो सगळं. ऐकून घेतलं तिने. न... नको म्हणाली." नंतर मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "तिच्यावर जबरदस्ती नको. माझं सांगून झालं."

ताई, हे सगळं आता या फाइलीतून माझ्यासमोर आलं. तुला कळवायला हवं होतं.

धाकटा


१७ एप्रिल

ताई,

मागच्या पत्रात एक खोटं आहे. शेवटून दुसरी ओळ.

पत्र टाकायच्या आधी मी ते तुझ्या भावजयीला वाचायला दिलं. तिने वाचलं. मग विचारलं, "हे तुम्हाला आत्ता कळलं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग गेली कितीतरी वर्षं त्या डिस्कला तुम्ही कुणाला हात का लावू देत नव्हता?" मी पत्र टाकायला म्हणून बाहेर पडलो.

डिस्क कपाटात सापडली नाही. ती माझ्याच खणात होती. दोन घरं बदलली, यंत्रं पाच बदलली, प्रत्येक वेळी ती मी स्वतः उचलून नेली आहे.

त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी तुझा मेल आला होता. "बाबांना पुन्हा असं आणून बसवू नकोस. जवळजवळ सात मिनिटं मी थांबले. एक शब्द नाही. त्यांना माझ्याशी बोलायचं नाही, ते मला कळलं." बाबा म्हणत होते सगळं बोललो, आणि तू म्हणत होतीस एक शब्द नाही. तेव्हा आठ दिवसांनी मी तुझ्याच 'वाचक'ने फाइल उघडली. पहिल्याच पानावर एकशे चौऱ्याण्णव दिसलं. त्याखाली ती उलटी पॅकेटं. मग आवाज जोडून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला.

म्हणजे मला आठव्या दिवशी माहीत होतं. एकवीस वर्षं झाली.

का सांगितलं नाही? पहिले दोन-तीन दिवस नुसती भीती. चूक माझ्या बोटांची होती. उद्या सांगू, उद्या सांगू. नंतरचं कारण भीती नव्हतं. ते लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

तू घरात असताना बाबांच्या डोळ्यांसमोर तूच होतीस. त्याबद्दल तुझ्यावर राग नव्हता माझा, मीही तुझ्याकडेच बघत होतो. पण त्या दुपारनंतर बाबा माझ्याकडे वळले. संध्याकाळी मी कामावरून यायची वाट बघायचे. आम्ही दोघं पुलापर्यंत फिरायला जायचो. मला त्यांनी मुद्रितं तपासायच्या खुणा शिकवल्या. माझं वाक्य मी अर्धवट सोडलं तर पुढे काय, म्हणून थांबायचे. मला पंचविसाव्या वर्षी वडील मिळाले होते, ताई. तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या गाडीने आली असतीस. आणि तू आलीस की मी पुन्हा धाकटा.

म्हणून मी ते वर्ष ठेवून घेतलं. अकरा महिनेच होते, पण ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

ते गेल्यावर तू दोन दिवसांनी आलीस. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, "शेवटपर्यंत बोलले नाहीत माझ्याशी." माझ्या हातात तुझा चहाचा कप होता. मी तो ओट्यावर ठेवला आणि साखर विचारली.

आता का सांगतोय, तेही लिहितो. माझा डावा कान गेला आहे आणि उजवा जातो आहे. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक, टोकाचे आवाज आधी जातात. मागच्या हिवाळ्यात फाइल ऐकायला बसलो तर काही शब्द नुसते ओठांवरून गेल्यासारखे वाटले. आणखी दोन-तीन वर्षांनी त्या फाइलीत काय आहे ते ऐकू शकेल आणि समजू शकेल असं माणूस जगात एकच उरेल, आणि तिला ती आहे हेच माहीत नसेल.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात मूळ फाइल आहे, तुझा 'वाचक' आहे आणि मी बदललेल्या नऊ ओळी आहेत. आवाज वेगळा काढून पाठवलेला नाही. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवावास असं मी काही केलेलं नाही. प्रत्येक पॅकेट स्वतः वाच, पत्ता स्वतः बघ.

धाकटा


३० मे

ताई,

तुझं पत्र पोचलं. अकरा ओळी. मायना नाही, सही नाही. मी ते इतक्यांदा वाचलं आहे की घडीवर चिरलं.

तू लिहितेस, "तुला माफ केलं असं समजू नकोस. करीन की नाही, मला माहीत नाही." समजत नाही मी तसं. तू लिहितेस, "एकवीस वर्षं माझ्या आठवणीत ती सात मिनिटं रिकामी होती. आता ती भरून घ्यायला मला वेळ लागणार."

आणि मग ती एक ओळ. "तुझ्या उताऱ्यात चूक आहे. अकरा हजार दोनशेव्या पॅकेटापासून पुन्हा ऐक. 'पडेन' नाही. 'पडेल'."

मी ऐकलं. कान दाबून, आवाज वाढवून, कमी करून. माझ्या कानाला ते शेवटचं अक्षर आता येतच नाही, नुसता 'पडे' आणि पुढे हवा. पूर्वी ऐकू यायचं तेव्हा मी काय ऐकलं होतं? जे आधीच ठरवलं होतं तेच असेल. मग तो तुकडा काढून तुझ्या भावजयीला दिला, पुढचं-मागचं काही न सांगता. तिने दोनदा ऐकला.

"एकटा पडेल, असं म्हणतायत."

"नक्की? पडेन नाही?"

"पडेल. अगदी स्पष्ट आहे. कोण एकटा पडेल?"

मी म्हटलं, "मी."

विभागातल्या दोघांनाही ऐकवलं, वेगवेगळं. दोघांनीही 'पडेल' लिहून दिलं.

म्हणजे त्यांनी तुझं पत्र स्वतःसाठी खणात ठेवलं नव्हतं. आई गेली तेव्हा मी तेवीसचा होतो, पण दिवसदिवस खोलीतून बाहेर यायचो नाही, जेवायला फक्त तू हाक मारलीस तरच उठायचो. मला वाटायचं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझं एक वर्ष माझ्या नावावर गेलं आहे, ताई. आणि मी पुढे तुझी एकवीस घेतली, त्यांनी माझ्याकडे कधी बघितलंच नाही या तक्रारीवर.

हे तू मला सांगायची काही गरज नव्हती. 'पडेन' तसंच राहू दिलं असतंस तर मला काही कळलं नसतं. मी तुझ्या जागी असतो तर, माझा इतिहास बघता, राहू दिलं असतं.

तू विचारलं आहेस, त्यानंतर बाबांनी तुझं नाव कधी काढलं का. फक्त एकदा. तुझा पहिला शोधनिबंध मी रुग्णालयात छापून त्यांना आणून दिला होता. सोळा पानं. त्यातला एक शब्द त्यांना कळणारा नव्हता. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि चार दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "मोठीच्या लेखात दोन चुका आहेत. पान सहा आणि पान तेरा. पान तेरावर f आणि i चं ज... जोडाक्षर तुटलंय. तिला कळव." मी म्हटलं, कळवतो. कळवलं नाही. कळवायला गेलो असतो तर बाकीचंही निघालं असतं.

तो निबंध माझ्याकडे आहे. टपालाने पाठवायची माझी हिंमत होत नाही. म्हणशील तिथे आणून देतो.

धाकटा


२१ जून

ताई,

तू यायची तारीख कळली. सुट्टी टाकली आहे. गच्चीकडची खोली झाडून घेतली, खिडकीची काच बदलली. पलंग थोडा करकरतो, त्याला इलाज नाही. तुझ्या भावजयीला तू काय खातेस आणि काय नाही ते मला सांगता आलं नाही. ती म्हणाली, "बहिणीबद्दल एवढंही माहीत नाही?" मी म्हटलं, विचारून घेऊ.

"स्टेशनवर येऊ नकोस" असं तू दोनदा लिहिलं आहेस. येणार नाही. त्या दिवशी मला इथेच बसून राहणं किती जड जाणार आहे, ते सांगत नाही, कारण ते तुला कळावं असा माझा हक्क नाही. तू तुझी ये. वाटेत कुठे थांबावंसं वाटलं, पुलावर किंवा आणखी कुठे, तर थांब. इथवर येऊन परत फिरावंसं वाटलं तरी मी काही विचारणार नाही.

तिसरा मजला, जिन्याला लागून डावीकडचं दार. घंटी आहे, पण उजवा कानही आता भरवशाचा नाही. आत असूनही मला ऐकू आली नाही तर तू पुन्हा बाहेर ताटकळशील. म्हणून सकाळपासून दार नुसतं लोटून ठेवतो.

धाकटा